छावणीचं रान

आमच्याकडे रानात पायताण घालून जात नाहीत. म्हणजे जात नव्हते. बांधावर चपला काढायच्या, बोरीच्या बुडाशी जोडीनं ठेवायच्या, मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग आत पाय टाकायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी हे मला सांगितलं, तेही अशा आवाजात की मी जणू चपला घालून गाभाऱ्यात शिरले होते. मी मनात म्हटलं, बाई, हे घर अवघड दिसतंय. माझं माहेर शिरूर कासारकडचं. तिकडं नुसता माळ, कुसळं आणि गोटे. तिथं अनवाणी फिरणाऱ्याला लोक येड्यात काढतील. पण ह्यांचं रान खरंच तसं होतं. गावाला लागून, काळंभोर, शोधून दगड सापडायचा नाही. येळवशीच्या सणाला रानात पाच पांडव मांडायला दगड लागायचे, तर तेसुद्धा आम्ही ओढ्यातून आणायचो.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. उंच, हडकुळे, बोलणं कमी आणि त्यातलं निम्मं बैलांशी. उन्हाळ्यात रानाला अशा भेगा पडायच्या की हातातली काठी उभी आत जावी. मामा म्हणायचे, "काळी माय हाय, तोंड उघडून बसलीया. काय बी टाका, गिळती." ती ओकतेसुद्धा, हे मात्र त्यांनाही माहीत नसावं.

मग तो दुष्काळ आला. एक साल पाऊस नाही, दुसऱ्या सालीही नाही. आधी कडबा संपला, मग लोकांनी छपरावरचं जुनं पाचट काढून जनावरांपुढे टाकलं. धारूरच्या बाजारात लोक बैल घेऊन जायचे आणि गिऱ्हाईक न मिळाल्यानं तसेच परत आणायचे. अशात गावच्या सोसायटीला चारा छावणी मंजूर झाली. छावणीला सडकेलगतची सपाट जागा पाहिजे होती आणि तशी जागा आमचीच होती.

सोसायटीचा चेअरमन आमच्या भावकीतलाच. ओसरीवर बसला, चहा घेतला, बशी खाली ठेवून म्हणाला, "आबा, पुण्याचं काम हाय. तुमी न्हाई म्हनलात तर जनावरं कुठं बांधायची?"

मामांनी त्याची बशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जनावराला जागा न्हाई, असं कोन म्हनंल? पर रान जसं देतो तसं मला परत पायजे."

"एक काडी राहनार न्हाई, आबा. मी सोता उभा राहून झाडून देतो."

झाडून देतो म्हणे. मी दारामागून ऐकत होते. ज्यानं जन्मात हातात केरसुणी धरली नाही तो रान झाडून देणार. पण त्या वेळी मीही काही बोलले नाही, कारण आमचीही बैलजोडी आणि गाय उपाशीच होती, आणि खोटं कशाला सांगू, छावणी गावात येणार म्हणून मला हायसं वाटलं होतं.

छावणीनं जनावरं जगवली, हे मी नाकारत नाही. आमची बैलजोडीही तिथंच जगली. चार गावांची जनावरं रांगांनी बांधलेली, वर हिरव्या जाळीचे मांडव, मांडवांना तारा आवळलेल्या. सकाळी उसाचा ट्रॅक्टर यायचा, मग पेंड, मग पाण्याचा टँकर. माणसंही जनावरांपाशीच राहायची. तीन दगडांच्या चुली, बाया तिथंच भाकरी थापायच्या, म्हातारे तिथंच खोकायचे. जी जनावरं फार हाडावर आलेली होती ती तिथं येऊनही मेली. ती कुठं नेली, कुठं पुरली, हे कुणी विचारलं नाही. मेल्या जनावराचं कौतुक करायला कुणाला सवड होती? मामा मात्र रोज सांजेला सगळ्या रांगांमधून फिरून यायचे, शेणामुतातून, अनवाणी. रान त्यांचं होतं ना.

पाऊस पडला तशी छावणी उठली. जत्रा उठावी तशी, एकाएकी. लोक बैल सोडून घाईघाईनं पेरणीला पळाले आणि मागं राहिलं ते आमच्या रानात. गुडघाभर शेण, चिपाडं, तुटकी दावी, फाटकी जाळी, पेंडीची पोती, सलाईनच्या बाटल्या, पत्रे, खुंट्या, तारा. चेअरमननं जेसीबी पाठवला. जेसीबीनं लांबच लांब चर खोदले, सगळं त्यात लोटलं, वरून माती ओढली आणि संध्याकाळच्या आत रान तळहातासारखं करून टाकलं. मामा बांधावर उभे राहून बघत होते. चेअरमन म्हणाला, "कावून तोंड पाडता, आबा? खत हाय समदं. सोनं पेरून चाललोय तुमच्या रानात."

आणि गंमत बघा, पहिली दोन-तीन वर्षं त्याचं खरं झालं. ज्वारी अशी आली की आत शिरलेला माणूस दिसू नये. कणसं हाताएवढी. लोक बांधावर थांबून म्हणायचे, तुमची तर लॉटरी लागली. त्या दिवसांत गावानं रानाचं नावच बदलून टाकलं. आधी त्याला गावंदरीचं रान म्हणायचे, आता छावणीचं रान म्हणायला लागले. मामांना ते नाव आवडायचं नाही.

मग एका नांगरटीला फाळाला नायलॉनचं दावं गुंडाळून आलं. मालकांनी कापून काढलं आणि बांधावर फेकलं. (मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे तसंच म्हणतात; मालकी कशाची ते विचारू नका.) पुढच्या पाळीला पोत्यांचे धागे, मग बाटल्या, मग तारांचे तुकडे, गंजून काट्यासारखे झालेले. जनावरांच्या कानातले पिवळे बिल्ले तर हरभऱ्यासारखे जिकडेतिकडे. वेचून काढावं, पाऊस पडावा, माती फुगावी, पुन्हा उन्हानं तडकावी, की खालचं नवं वर. दर वर्षी वाटायचं की आता संपलं असेल, आणि दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा थोडं खोलातलं बाहेर यायचं.

एकदा चेअरमनच आला वर. खोटं नाही सांगत. छावणीचा फ्लेक्स होता, त्याचा तुकडा मालकांच्या कुळवाला लागला. रंग कुठं उडाला नव्हता. अर्धं तोंड, एक डोळा, आणि जोडलेले दोन्ही हात. मी तो धुतला आणि ज्वारीत बुजगावण्याला बांधला. मालक वैतागले, म्हणाले, "भावकीत शोभतं का हे?" मी म्हटलं, "त्याला शोभलं, मग मला का शोभू नये?" पण पाखरंसुद्धा त्याला भ्यायली नाहीत, सरळ डोक्यावर बसायची.

मालक तोवर एकदा त्याच्याकडे जाऊन आले होते. पुन्हा जेसीबी लावा, निदान मोठे चर उकरून साफ करून द्या, एवढंच मागायला. चेअरमननं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं, "आरं, ते सोसायटीचं काम व्हतं. सोसायटीवर आता प्रशासक हाय. मी कोन लागतो?" गरज सरो, वैद्य मरो. मालक घरी आले. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन रानात गेले आणि तेव्हापासून तेच त्यांचं काम झालं. लोक नांगरून पेरतात. आमचे मालक नांगरून वेचायचे, मग पेरायचे.

खुरपायला बाया यायच्या त्या आधी कुरकुरल्या, मग एकीच्या तळव्यात इंजेक्शनची सुई शिरली आणि पुढच्या वेळी सगळ्या जणी बूट घालून आल्या. मामा बांधावर बसलेले. एकेक बाई त्यांच्यासमोरून बुटानिशी रानात शिरत होती आणि ते काहीच म्हणाले नाहीत. काय म्हणणार? काढा म्हणावं तर पाय फुटतात. मीही हळूहळू चपला घालूनच जायला लागले. मालकही. मामा तेवढे बांधावर थांबायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, घाला की पायात, काय होतंय? जग घालतंय."

"पायताण घालून मी आत जानार न्हाई पोरी," ते म्हणाले, "आन् काढून जाता येत न्हाई. मंग हितंच बरं."

तेव्हापासून त्यांचं रान म्हणजे ती बोरीखालची जागा. सकाळी जायचे, चपला काढून शेजारी ठेवायचे आणि दिवसभर आत बघत बसायचे. येळवशीला सगळ्यात वाईट वाटायचं. हिवाळ्यातल्या त्या अवसेला आमच्याकडे घरदार रानात जेवायला जातं. भज्जी, उंडे, अंबिल. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, आणि सांजेला घरातल्या थोरल्यानं अंबिलाचं मडकं घेऊन उभ्या ज्वारीतून शिंपडत फिरायचं. ह्याला चर शिंपणं म्हणतात. मामांनी तो मान मालकांना देऊन टाकला होता. मालक चपला घालून चर शिंपायचे आणि मामा त्या वेळी रानाकडे पाठ करून बसायचे.

एका वर्षी मी त्यांचं ताट वाढत होते तेव्हा म्हणाले, "मला काशीबिशी काय नगं. येक डाव अनवानी चर शिंपून यावा, मंग डोळं मिटलं तरी चालतंय." मी ते मालकांना सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा वाटलं की मुलाला कळावं. मालक ऐकून उठले आणि हात धुवून पाटी घेऊन गेले. ताट तसंच.

पुन्हा दोन वर्षं कोरडी गेली. नांगर लावण्यासारखी ओलच नव्हती. मालकांनी नुसता वरवर कुळव फिरवला. पाटी घेऊन गेले तर पाटी रिकामी. दुसऱ्या वर्षीही तेच. एखादा धागा, एखादा बिल्ला, बस. मालक संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन आले आणि ओसरीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "संपलं गं. निघालं समदं." इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मलाही खरं वाटलं. माणसाला किती लवकर खरं वाटतं. कोरड्या रानात काही हललंच नव्हतं, म्हणून काही वर आलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, जन्म मातीत गेलेल्या आम्हा तिघांपैकी एकालाही सुचली नाही. आम्हाला रान साफ पाहिजे होतं, म्हणून ते आम्हाला साफ दिसलं.

तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. रान पाणी पिऊन फुगलं, ज्वारी टरारून आली, आणि हिवाळ्यात बुडख्यांमधून भेगा पडल्या. येळवस आली. मामांनी सकाळीच दाढी करून घेतली, ठेवणीतलं धोतर नेसले. सांजेला बोरीखाली चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. वाकायला वेळ लागला. मालक धरायला गेले तर त्यांचा हात झटकला. मग मडकं घेऊन आत शिरले. ज्वारीत आधी त्यांचं अंग दिसेनासं झालं, मग पटका, आणि नंतर नुसतं हलणारं कणीस दिसत होतं. मालक बांधावर उभे होते. रडत होते, सरळ, तोंड न झाकता. मी म्हटलं, "अहो, लोक बघतायत." म्हणाले, "बघू दे."

मामा फिरून आले. येताना जरा थांबत थांबत आले, पण त्या वयात कोण पळत येतं? कोपीपाशी मांडी घालून बसले, पाय धोतराखाली घेतले. मालकांनी विचारलं, "कसं वाटलं आबा?"

"लोण्यावानी हाय," मामा म्हणाले. "माझं रान मला परत दिलंस बघ."

दुसऱ्या दिवशी धोतर धुवायला घेतलं तर काठाला रक्त. मी विचारलं. म्हणाले, वाटेवर बाभळीचा काटा मोडला. मला कुठं माहीत? मी हळद लावून फडकं बांधलं. मामांना साखर होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण खेड्यात साखर म्हणजे चहा बिनसाखरेचा, एवढीच तिची ओळख. पाय सुजला, मग काळा पडायला लागला, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं टाच उघडली आणि चिमट्यानं आतलं काढून ताटलीत ठेवलं. गंजलेल्या तारेचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. मालक शेजारीच उभे होते. ती तार त्यांनी पाट्या भरभरून वेचली होती. त्यांना ओळखायला किती वेळ लागणार?

डॉक्टर म्हणाले, पाय घोट्यापासून काढावा लागेल, नाहीतर चढत जाईल. मामा म्हणाले, न्हाई. मालकांनी पाया पडून सांगितलं, मी भांडले, अगदी टाकून बोलले. ते भिंतीकडे तोंड करून पडले. आम्ही त्यांना घरी आणलं. घरी आल्यावर मालकांनी एकदाच विचारलं, "आबा, कुठं लागलं ते?" आणि मामा म्हणाले, "वाटंवर. बाभळीचा काटा व्हता." मालक म्हणाले, "व्हय, त्या वाटंला काटे लई हायत." दोघंही छताकडे बघत होते. मला तिथं उभं राहवेना, मी चुलीपाशी जाऊन बसले.

ज्वारी काढणीला येण्याआधी मामा गेले. आमच्याकडे शेतकऱ्याला त्याच्याच रानात जाळतात. बोरीच्या अलीकडची थोडी ज्वारी उपटली, जरासं खोलगट उकरून लाकडं रचली. मालक खांद्यावर मडकं घेऊन अनवाणी फिरले. कुणीतरी म्हणालं, जपून पाय टाक रं. ते जपले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. राखेवर पाणी शिंपडलं, मालक बसले आणि हातानं राख बाजूला करून अस्थी वेचायला लागले. वेचायची सवय होतीच. थोडा वेळ झाला आणि ते थांबले. मला वाटलं, भरून आलं असेल. जवळ गेले तर त्यांच्या हातात एक हाड होतं, माणसाचं नव्हे एवढं जाड. त्यांनी आणखी हात घातला. आणखी एक. मग एक पिवळा बिल्ला, आचेनं वितळून त्या हाडाला चिकटलेला. मामांना जाळलं होतं तिथंच छावणीतली मेलेली जनावरं पुरलेली होती. आगीनं माती तडकली आणि वरची राख खाली गेली, खालचं वर आलं. मोठी हाडं ओळखू येत होती. पण बारीक कपच्या, चुरा, पांढरे तुकडे. त्यातलं मामांचं कुठलं आणि बैलांचं कुठलं?

मालक एकेक तुकडा उचलायचे, अंगठ्यानं पुसायचे, उन्हाकडे धरून बघायचे. काही डावीकडे ठेवायचे, काही उजवीकडे. मग डावीकडचं पुन्हा उजवीकडे. सगळी भावकी उभी होती. चेअरमनही होता, पांढरा कपडा, हात जोडलेले. ऊन वर आलं. शेवटी भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "उरक बाबा. दोन्ही गरीबच जीव व्हते. घे समदं गाडग्यात." मालकांनी सगळं गाडग्यात भरलं. मोठी हाडं सोडून सगळं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, आम्ही ते सोडून आलो. कोणाचं काय सोडलं, ते त्या पाण्यालाच माहीत. चेअरमनला मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. माझ्यासारखी फटकळ बाई, आणि मला एक शिवी सुचली नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

उन्हाळ्यात रान नांगरून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मालक पाटी घेऊन निघालेले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आता कशाला? ज्यांच्यासाठी वेचत होतात ते गेले. राहू द्या तारा, राहू द्या सुया. कोण जाणार आहे आता तिथं अनवाणी?"

ते दारात थांबले. पायात चपला नव्हत्या.

"तारा न्हाई वेचत," म्हणाले. "आबाचं काय राहिलं आसंल तर बघतो."